धाब्याखालचे वाचनालय

आमच्या वाचनालयाचे येण्याजाण्याचे दार आता बदलले आहे. पूर्वी बाजारपेठेच्या बाजूने पाच पायऱ्या चढून ओट्यावर यावे लागे आणि तेथून आत शिरावे लागे. आता गल्लीकडच्या, भरलेली बैलगाडी आत येईल एवढ्या रुंद दरवाजातून सगळे जण सपाटीवरून चालत येतात. नव्याने येणाऱ्यांना हा दरवाजा आम्ही आताच पाडला असे वाटते, परंतु तो वाड्याइतकाच जुना आहे. कित्येक वर्षे तो विटांनी बुजवलेला होता, त्यावर सिमेंटचा गिलावा होता आणि गिलाव्यावर निवडणुकांच्या घोषणांचे थर होते. मी स्वतः त्या भिंतीला टेकून अनेकदा रिक्षाची वाट पाहिली आहे, आणि पाठीमागे दार आहे हे मला कधी कळले नाही.

वाड्याच्या दुरुस्तीचे काम तीन वर्षे चालले. ते कसे झाले हे लिहून ठेवावे असे मंडळातील काही जणांनी सुचवले. मी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि निवृत्तीनंतर वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आले, त्यामुळे या लेखनात भिंतीतील ओल आणि चुन्याचे रसायन यांना जरा जास्त जागा मिळेल.

बोरी नदीच्या काठचे आमचे गाव. वाडा कापसाच्या पैशाचा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशच्या काळ्या मातीतील कापसाला अचानक भाव आला, आणि त्याच दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा लोहमार्ग आल्यामुळे गाठी मुंबईस पोहोचवणे सोपे झाले. त्या तेजीतून ज्यांनी काही शिल्लक टाकले, त्यांनी पुढच्या काळात वाडे बांधले. आमचा वाडा त्यांपैकी एक होय. काळ्या दगडाचे घडीव जोते, त्यावर पुरुषभर उंचीपर्यंत चुन्यात बांधलेल्या भाजक्या विटा, त्यावर पांढरीच्या मातीची अडीच फूट जाडीची भिंत, मधोमध उघडा चौक, चौकाभोवती सातपुड्यातल्या सागाचे खांब, आणि वर धाबे, म्हणजे मातीचे सपाट छत. मागच्या बाजूचे चार खांब मात्र अंजनाचे आहेत. अंजनाचे लाकूड इतके जड आणि कठीण असते की सुताराचा रंधा त्यावरून घसरतो. त्या चार खांबांना वाळवीने आजवर तोंड लावलेले नाही.

वाड्याच्या वारसांनी तो वाचनालयाला दिला तो स्वातंत्र्यापूर्वी. त्यानंतर प्रत्येक पिढीने आपापल्या परीने त्याची ‘सुधारणा’ केली. चौकावर प्लॅस्टिकचे अर्धपारदर्शक पत्रे आले. अर्ध्या भागावरचे धाबे उतरवून तेथे सिमेंटचा स्लॅब पडला, उरलेल्या धाब्यावर लोखंडी पत्रा चढला आणि खाली लाकडी कडीपाट दिसू नये म्हणून प्लायवुडचे खोटे छत ठोकले गेले. भिंतींना सिमेंट, खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट, फरसबंदीवर चकचकीत टाइल. ज्यांनी हे केले त्यांना मी नावे ठेवणार नाही, कारण त्यांपैकी एका ठरावावर माझ्या वडिलांची सही आहे, आणि त्या काळी सिमेंट लावणे म्हणजे वास्तूची काळजी घेणे असाच सर्वांचा समज होता.

परिणाम हळूहळू दिसले. भिंती खालून चार-पाच फुटांपर्यंत ओल्या राहू लागल्या. खालच्या फळीवरच्या पुस्तकांना बुरशीचा वास येऊ लागला. उन्हाळ्यात दालनात दुपारी बसवेना, म्हणून पंखे वाढवले, तर गरम हवाच अंगावर येऊ लागली. वाचक पांगले, स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारी मुले तेवढी येत राहिली, कारण त्यांना दुसरीकडे जागा नव्हती.

तेव्हा वाडा पाडून खाली दुकानांचे गाळे आणि वर वाचनालय असा प्रस्ताव मंडळापुढे आला. हा प्रस्ताव मांडणारे मूर्ख नव्हते. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते, आणि आमच्यासारख्या संस्थेला ते पगार व वर्तमानपत्रे यांच्यापलीकडे फार पुरत नाही. गाळ्यांच्या भाड्यातून वाचनालय चालले असते, हे खरेच होते. शिवाय वाडा कोणत्याही संरक्षित यादीत नाही. केंद्राचा १९५८ चा कायदा किंवा राज्याचा १९६० चा कायदा यांपैकी एकाखालीही तो येत नाही, म्हणजे तो पाडण्यास कोणाची मनाई नव्हती आणि राखण्यास कोणाचा पैसाही नव्हता. एका मताच्या फरकाने प्रस्ताव पुढे ढकलला गेला. फेटाळला नाही, पुढे ढकलला. त्या मुदतीत माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी वास्तुसंवर्धनाचे शिक्षण घेऊन परत आली होती, वाडा पाहायला आली.

तिचा पहिला सल्ला मंडळाला अजिबात आवडला नाही. ती म्हणाली, “बाई, एक पावसाळा काहीच करू नका. पाणी कुठून येते आणि कुठे जाते तेवढे लिहून ठेवा.” आमच्याकडे पाऊस वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर. कोकणी माणसाला हा आकडा सांगितला तर तो हसेल. परंतु तो चार महिन्यांत संथपणे पडत नाही. एखाद्या सायंकाळी दोन तासांत गटारे तुंबवून जातो. मी वहीत नोंदी केल्या. वाड्याचा नकाशा काढून प्रत्येक खोलीत ओल कोठवर चढली ते खडूने भिंतीवर आणि पेन्सिलीने कागदावर लिहिले. भाद्रपद संपेपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली होती: छतातून येणारे पाणी थोडे होते. बहुतेक पाणी खालून येत होते, आणि ते येत होते याचे कारण त्याला बाहेर जाण्याचा रस्ता आम्हीच बंद केला होता.

हे समजून घेण्यासाठी जुनी भिंत कशी चालते ते पाहावे लागते. माती, भाजकी वीट आणि चुना ही तिन्ही सच्छिद्र द्रव्ये आहेत. जमिनीतील ओल त्यांत केशाकर्षणाने थोडी वर चढतेच. पण चुन्याच्या गिलाव्यातून ती वाफ होऊन निघूनही जाते, आणि पावसाळ्यात ओलावलेली भिंत दिवाळीपर्यंत कोरडी होते. सिमेंटचा घट्ट थर दिला की ही वाफ अडते. ओल मग आणखी वर, जिथे थर संपतो किंवा तडकतो तिथवर चढते, आणि सोबत आणलेले क्षार वाटेत स्फटिक होऊन विटेचा पृष्ठभाग फोडतात. भिंतीवर फुललेली ती पांढरी पूड पुसून आम्ही वर्षानुवर्षे पुन्हा सिमेंटच लावत होतो. मी हे सगळे मंडळाच्या बैठकीत फळ्यावर आकृती काढून समजावले. त्यानंतर कामावर आलेल्या वृद्ध गवंडीबाबांनी भिंतीवर तळहात ठेवून तेच अहिराणीत एका वाक्यात सांगितले: “बाई, हाई भीतना दम कोंडाई जायेल शे.” म्हणजे, या भिंतीचा दम कोंडला आहे. माझी आकृती कोणाच्या लक्षात राहिली नाही, गवंडीबाबांचे वाक्य मात्र आजही बैठकीत उद्धृत होते.

सिमेंट काढणे हे लावण्यापेक्षा कितीतरी अवघड. यंत्राने फोडले तर मातीच्या भिंतीचा लचकाच निघतो. म्हणून छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन चार माणसे तीन महिने केवळ सोलण्याचे काम करीत होती, आणि या तीन महिन्यांत ‘काहीच होत नाही’ अशी टीका गावाने केली. सोललेली भिंत एक पूर्ण हिवाळा उघडी ठेवून वाळू दिली, तेव्हा तर ‘पैसे संपले’ अशी बातमी पसरली.

मग चुना. कळीचा चुना, म्हणजे नऊशे अंशांच्या आसपास भाजलेला चुनखडा, हौदात पाण्यात टाकला की खदखदतो, त्यातून वाफा निघतात, आणि लोण्यासारखा लगदा तयार होतो. याला चुना विरवणे म्हणतात. हा लगदा जितका जुना होईल तितका चांगला. आमचा हौद वाड्याच्या परसात होता आणि त्यावर पाण्याचा थर सतत राखावा लागे, कारण चुन्याला हवा लागली की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होऊ लागतो. भिंतीवर हेच व्हावे लागते, पण सावकाश. वाळू, विटांची भुकटी म्हणजे सुरखी, गुळाचे पाणी, बेलफळाचा गर आणि भिजवलेली मेथी घालून तो घाणीत मळला गेला. घाणी बैलाची नव्हती. दगडी चाकाला मोटर जोडलेली होती. जुन्या पद्धतीचा हट्ट धरणाऱ्या एका सदस्याला ते खटकले. मला खटकले नाही. बैलाच्या चालीने चुन्याच्या गुणांत भर पडते असे मला कोणी दाखवून दिलेले नाही, आणि चैत्रात बैलाला दिवसभर गोल फिरवणे मला बघवले नसते.

येथेच आमची सर्वांत मोठी चूक झाली, आणि तिला जबाबदार मी होते. वाचनालय जूनपूर्वी उघडावे अशी घाई मी केली. पहिला थर एप्रिलअखेरीस लागला. बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता, वारा भट्टीसारखा होता, आणि गिलावा वरून दोन दिवसांत वाळून आतून कच्चा राहिला. आठवड्याभरात संपूर्ण पश्चिम भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या. गवंडीबाबा काही बोलले नाहीत. त्यांनी थापी धुऊन ठेवली आणि घरी गेले. पुढच्या वर्षी तेच काम पावसाळा ओसरल्यावर केले, ओले बारदान भिंतीवर टांगून दिवसातून चार वेळा पाणी शिंपडले, आणि ती भिंत आज कवडीसारखी गुळगुळीत आहे. फुकट गेलेल्या पहिल्या थराचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरण्याची तयारी दाखवली होती. मंडळाने ती मानली नाही, पण इतिवृत्तात घाईचा उल्लेख केला, आणि ते योग्यच झाले.

सोलताना भिंतीतून काही वस्तू बाहेर आल्या. छताजवळचे सात झरोके सापडले. ते बुजवताना आत वर्तमानपत्रे कोंबलेली होती. समोरासमोरच्या भिंतींत देवळ्या सापडल्या. कार्यालयाच्या खोलीत एका कोनाड्यामागे मूळ चुन्याचा हातभर तुकडा सिमेंटच्या माऱ्यातून वाचला होता, आणि त्यावर गेरूने लिहिलेला मोडीतील हिशेब होता. धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे, त्यामुळे आमच्या जिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसे अजून सापडतात. अशा एका गृहस्थांनी छायाचित्रावरून वाचून सांगितले की ही आत आलेल्या गाड्यांची मोजणी आहे. कापसाच्या गाड्या. कोणा मुनिमाने वही हाताशी नसल्याने भिंतीवरच खुणा केल्या असाव्यात. आम्ही तो तुकडा झाकला नाही आणि त्यावर काचही लावली नाही, कारण काचेमागे पुन्हा ओल धरली असती. शाळेची मुले त्याला बोट लावतात, हे मला दिसते. त्यासाठी कोनाड्याखाली एक बाक ठेवला आहे, म्हणजे हात जरा लांब राहतो.

गाड्या आत येत होत्या, तर कोठून येत होत्या? बाजारपेठेच्या दारातून नाही. तेथे पायऱ्या आहेत. हा प्रश्न पडला म्हणून गल्लीच्या बाजूची भिंत ठोकून पाहिली. एका जागी आवाज पोकळ आला. विटा काढल्यावर सागाची चौकट, वरची गणेशपट्टी, अडसराची भोके, आणि उंबऱ्याच्या जागी चाकांनी झिजलेले दोन दगड दिसले.

त्या आधी आमचा सहा महिने वाद चालला होता तो उतारावरून. सार्वजनिक इमारतीत चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला आत येता आले पाहिजे, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर सांगितलेलेच आहे, पण त्याला कायदा कशाला हवा. आमचे दोन जुने वाचक पायऱ्यांमुळेच येईनासे झाले होते. उताराचे मान एकास बारा. जोते पाऊण मीटर उंच, म्हणजे उतार नऊ मीटर लांब. समोरच्या ओट्यावर तो बांधला असता तर घडीव जोत्याचा दर्शनी भाग झाकला गेला असता. मागच्या परसदारातून तो काढावा अशी सूचना आली, आणि तिला मी विरोध केला. चालता येणाऱ्याने पुढून यावे आणि न येणाऱ्याने मोरीजवळून, हे मला पटेना. गाडीच्या दरवाजाने दोन्ही अडचणी सोडवल्या. दीडशे वर्षांपूर्वी भरलेली गाडी बैलांना ओढता यावी म्हणून ज्याने ती फरसबंद वाट बांधली, त्याने तिला सौम्य चढ दिला होता. गल्लीचा रस्ता डांबराच्या थरांनी वर्षानुवर्षे उंचावत गेल्यामुळे तो चढ आणखी कमी झाला होता. दोन जागी फरशी उचलून पुन्हा बसवली, कडेला हाताला धरायला लोखंडी दांडा लावला, आणि एकास बारापेक्षाही सोपा उतार मिळाला. मग सर्वांनीच या दारातून यावे असे ठरले. समोरचा ओटा आता सायंकाळी वर्तमानपत्र वाचायला आहे.

चौक उघडण्याबाबत मात्र एकमत नव्हते आणि आजही नाही. प्लॅस्टिकचे पत्रे काढल्यावर चौकात पाऊस पडतो, ऊन पडते, पारवे येतात. तक्रारवहीत या तिन्हींच्या नोंदी आहेत. परंतु चौक हाच वाड्याचा श्वास आहे. दुपारी तापलेली हवा त्यातून वर निघून जाते आणि झरोक्यांतून व गल्लीच्या थंड बाजूने दुसरी हवा आत येते. गेल्या वैशाखात मी महिनाभर दुपारी तीन वाजता दोन तापमापकांची नोंद ठेवली. गल्लीतील सावली आणि वाचनाचे दालन यांत बहुतेक दिवशी सात-आठ अंशांचा फरक होता, आणि दालनात केवळ पंखे चालू होते. पारव्यांसाठी जाळी लावली आहे. पावसाचे पाणी पूर्वीप्रमाणे दगडी मोरीतून जमिनीखालच्या टाक्यात जाते. या टाक्याचे तोंड आम्हाला टाइलखाली सापडले. त्यातील गाळ काढायला आठ दिवस लागले आणि गाळात एक पितळी गडवा मिळाला.

आता धाब्याविषयी. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा बांबूच्या चिपा, त्यावर कडुनिंबाचा पाला, मग मातीचा जाड थर आणि सर्वांत वर खारी माती, असे हे सपाट छत. खारी माती भिजली की फुगून स्वतःच्या भेगा बुजवते, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि बाजूच्या पन्हळातून वाहून जाते. उन्हाळ्यात एवढ्या मातीतून ऊन खाली पोहोचेपर्यंत रात्र होते. मात्र या छताची एक अट आहे: दरवर्षी आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि मृग यांच्यामध्ये कोणीतरी वर चढून गवत उपटले पाहिजे, खारी पसरली पाहिजे, पन्हळी मोकळ्या केल्या पाहिजेत. घरात माणसे राहत असत तेव्हा हे आपोआप होई. संस्थेत आपोआप काहीच होत नाही. पूर्ण छतावर मूळचे धाबे परत आणावे असा माझा आग्रह होता. विद्यार्थिनीने मला विचारले, “बाई, तुमच्यानंतर वर कोण चढणार?” मी तिला उत्तर देऊ शकले नाही.

म्हणून मोठ्या दालनावर लाकडी कडीपाट मूळचा राहिला, पण त्यावर मातीऐवजी विटांच्या तुकड्यांचा चुन्यातील कोबा घातला आहे. तोही ऊन अडवतो, आणि त्याला दर वर्षाची निगा लागत नाही. कार्यालयाच्या तीन खणांवर मात्र खरेखुरे खाऱ्या मातीचे धाबे आहे, साण्यासकट. साणे म्हणजे धाब्यातील उजेडाचे भोक. तेवढ्या तीन खणांची निगा आम्ही राखू शकतो. ते काम जाणणारी गावात आता दोनच माणसे उरली असल्यामुळे, दरवर्षी त्यांच्यासोबत दोन तरुण गवंडी वर चढतील अशी व्यवस्था केली आहे. सिमेंटचा स्लॅब असलेला मागचा भाग तसाच ठेवला. तो काढताना शेजारच्या भिंतीला धक्का बसला असता.

‘मूळ’ हा शब्द या तीन वर्षांत मी जितका वापरला तितकाच त्याविषयी माझा गोंधळ वाढला. दर्शनी दरवाजावरची रंगीत काचेची कमान आणि माडीचा ओतीव लोखंडाचा कठडा हे वाड्यासोबतचे नाहीत. पुढच्या पिढीतील कोणा हौशी मालकाने ते बसवले. ते काढून त्याआधीचे रूप आणावे का? वास्तुसंवर्धनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेल्या भरीचा मान राखावा, आणि जेथे तर्काला सुरुवात होते तेथे जीर्णोद्धार थांबावा. काचेची कमान राहिली. तिच्यामुळे सकाळी नऊच्या सुमारास मासिकांच्या टेबलावर निळा-तांबडा उजेड पडतो, आणि तो काढण्याचा कोणाला अधिकार आहे असे मला वाटत नाही. मग सिमेंटही एका काळाची भरच होती, असे मला कोणी म्हणेल. म्हणावे. त्या भरीने वास्तू आजारी पडली, या कमानीने पडली नाही, एवढाच माझा निकष.

खांबांवरच्या नक्षीदार हस्तांचा, म्हणजे तुळईला आधार देणाऱ्या लाकडी कंसांचा, प्रश्न यापेक्षा नाजूक होता. चौदांपैकी सहा नाहीसे झाले होते. त्याच सनदेचे म्हणणे असे की नवा भाग जुन्याशी जुळावा, पण जुना म्हणून खपू नये; म्हणून साधे, नक्षीविरहित हस्त बसवावेत असे आराखड्यात होते. सुताराने ते ऐकून घेतले आणि विचारले की मला ही पोपटाची नक्षी येते, माझ्या आज्यालाही येत होती, तर मी ती न येण्याचे सोंग का करावे? त्याच्या या प्रश्नाने मी निरुत्तर झाले. भारतातील असंरक्षित वास्तूंसाठी इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने २००४ साली जी सनद तयार केली, तिच्यात कारागिरांची जिवंत परंपरा हाही वारसाच मानला आहे, आणि माझा कौल शेवटी त्या बाजूने पडला. सहाही हस्त नक्षीसह घडवले गेले, पाडलेल्या एका घराच्या जुन्या सागातून. प्रत्येकाच्या पाठीवर, भिंतीकडच्या बाजूस, वर्ष कोरले आहे. सुताराने सहाव्या पोपटाच्या चोचीत फळाऐवजी पुस्तक दिले आहे. हे आम्हाला बसवल्यानंतर महिनाभराने लक्षात आले.

ऑइलपेंट काढण्याच्या कामात एक इशारा देण्यासारखा आहे. जुन्या रंगांत शिसे असते. कॉस्टिक सोड्याने ते लवकर निघतात, पण लाकडाचे तंतू उसवतात. आम्ही गरम हवेने रंग मऊ करून पट्टीने खरवडला, काम करणाऱ्यांना मुखवटे दिले, आणि निघालेली भुकटी झाडून गटारात न लोटता पिशव्यांत बंद करून वेगळी ठेवली.

आधुनिक सोयींपैकी ज्या दिसतात त्या थोड्या आहेत. स्वच्छतागृहे परसात वेगळ्या हलक्या बांधकामात आहेत, कारण मातीच्या भिंतीजवळ नळ नको. विजेच्या तारा भिंत फोडून आत घातलेल्या नाहीत. कडीपाटाच्या कडेने धातूच्या नळीतून उघड्यावर नेल्या आहेत, म्हणजे उद्या बदलायच्या झाल्या तर भिंतीला छिन्नी लागणार नाही. लाकूड आणि कागद एकत्र असल्यामुळे आगीची भीती सर्वांत मोठी. वीज तोडणारी बटणे प्रत्येक दालनाला स्वतंत्र आहेत, अग्निशामक नळकांडी हाताशी आहेत, बाहेर पडायला आता दोन मोठी दारे आहेत, आणि देवळ्यांत पणत्या लावण्याची विनंती आम्ही दर दिवाळीला नाकारतो. माडीवर पुस्तकांची कपाटे ठेवू नयेत, हेही असेच एक न दिसणारे ठरवणे. राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरमागे साधारण दोनशे किलो भार धरतात. पुस्तकांच्या दालनाला किमान सहाशे धरावा लागतो. म्हणून सगळे ग्रंथ खाली, आणि माडीवर फक्त मुलांचा विभाग आणि अभ्यासिका.

काम चालू असताना आम्ही चाळीसगावला केकी मूस यांचे घर पाहून आलो. त्या थोर छायाचित्रकाराचे निधन १९८९ साली झाले, आणि त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. तेथे वस्तूंच्या जागा जपणे हेच काम आहे, कारण त्या जागा त्या माणसाने ठरवलेल्या आहेत. परत येताना गाडीत आमच्यातील एक सदस्य म्हणाले की आपणही वाड्यात एक खोली जुन्या वस्तूंसाठी राखावी: पगडी, बैठक, तक्क्या-लोड. तो विचार मागे पडला. आमच्या वाड्यात कोणी थोर माणूस राहिला नव्हता. तेथे गाड्यांतून कापूस येत होता आणि माणसे हिशेब करीत होती. आता तेथे चाकाच्या खुर्चीवरून एक गृहस्थ दर शनिवारी साप्ताहिके वाचायला येतात आणि पोलीस भरतीची मुले पहाटे सहाला दरवाजा उघडण्याची वाट पाहतात.

पूर्वेकडचा सातवा झरोका अजून बंदच आहे, कारण त्यासमोर शेजाऱ्यांची भिंत उभी राहिली आहे. पश्चिमेच्या टाक्याला पंप बसवायचा आहे. कार्यालयावरच्या धाब्यात एका कोपऱ्याला या पावसाळ्यात ओल उतरली. वर गवत रुजले होते आणि ते उपटायचे राहून गेले होते. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी शिडी लावायची आहे. खाऱ्या मातीच्या दोन ट्रॉल्या सांगून ठेवल्या आहेत.